चौकडीचा स्कर्ट आणि दुमडीची रेघ

आमच्या वेंगुर्ल्यात पालकांच्या सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'शाळेच्या सिनेमातल्या श्रीमंत मुली खऱ्याच तशा असतात. त्या बघून आपल्या मुली बिघडतात. गणवेश सक्तीचा केला की गरीब-श्रीमंत भेद उरत नाही.' मी इथे बावीस वर्षं गणवेश शिवते. यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

'खऱ्याच तशा'? १९९५ चा हॉलिवूडचा सिनेमा 'क्लूलेस' अमेरिकेतल्या बेव्हर्ली हिल्स या श्रीमंत वस्तीतल्या शाळेचा. त्यातला पिवळ्या चौकडीचा कोट-स्कर्ट जगभर गाजला. पण तेव्हा तिथली पोरं ढगळ जीन्स आणि सैल शर्टात शाळेत जायची. नायिकेचा थाट वेशभूषाकार मोना मे यांनी मुद्दाम वेगळा घडवला. सिनेमात बाहेरून दिसणारी शाळासुद्धा खरं तर लॉस एंजेलिसचं ऑक्सिडेंटल कॉलेज. आपल्या २०१२ च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मधली आलिशान शाळासुद्धा देहरादूनची सरकारी वनसंशोधन संस्था आहे.

आता गणवेश. चुण्यांच्या स्कर्टला मापाच्या जवळजवळ तिप्पट कापड लागतं, चौकडी असेल तर रेघेला रेघ जुळवताना आणखी जातं. म्हणून मे महिन्यात आया सांगतात, "काकी, खाली चार बोटां जास्त ठेव, फुडच्या वर्साक सोडूक येतली." पुढच्या वर्षी ती दुमड सोडली की खाली गडद निळा पट्टा उघडा पडतो, कारण वरचं कापड उन्हाने आणि धुण्याने विटलेलं असतं. इस्त्री कितीही फिरवा, जुन्या घडीची रेघ जात नाही. वर्गातली प्रत्येक मुलगी तो पट्टा ओळखते. जिच्याकडे एकच जोड, तिचा स्कर्ट जुलैत चुलीवरच्या दोरीवर सुकतो आणि धुराचा वास घेऊन शाळेत जातो. भेद मिटला म्हणणाऱ्यांनी एकदा पावसात शाळेच्या दारात उभं राहावं.

सिनेमातल्या श्रीमंत मुलीच्या स्कर्टला ही रेघ कधीच नसते. तिला चिखल लागत नाही, कालचे कपडे आज अंगावर येत नाहीत. तिची श्रीमंती ब्रँडपेक्षा मला तिथे दिसते.

राहिलं बिघडणं. गेल्या गॅदरिंगला आठवीतली एक मुलगी मोबाईलवर तो पिवळा स्कर्ट घेऊन आली. किती मीटर लागेल ते विचारलं, बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, "काकी, चुण्या पुढेच घाला, मागे साधा ठेवा." मी तसाच शिवला. बाजूच्या शिवणीला चौकडी मात्र जुळवून दिली.