प्रवेश फुकट, खर्च वाटेत

शहरातल्या आणि आसपासच्या स्वस्त सहलींची यादी देणारा लेख चांगला आहे, पण त्यात प्रत्येक ठिकाणापुढे फक्त प्रवेशशुल्क दिलंय. चौघांच्या सहलीत खिसा हलका होतो तो जाण्यायेण्यात आणि आयत्या वेळी घेतलेल्या खाण्यापाण्यात. बस-लोकल स्वस्त, मान्य. पण स्टेशनापासून सहलीच्या ठिकाणाचं फाटक तीन किलोमीटर असेल तर? सकाळी उड्या मारत चालणारं पोरगं संध्याकाळी कडेवर येतं. तेव्हा जाताना चाला, येतानाचं वाहन मात्र हिशेबात धराच.

डब्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. शिजवलेलं अन्न फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावं. म्हणून डबा गार ठेवायला हवा, पण त्यासाठी आइसबॉक्स विकत घ्यायची गरज नाही. प्लास्टिकची पाण्याची बाटली पाऊणच भरून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, काठोकाठ भरलेली तडकते. जाड पिशवीत ही बाटली डब्यांच्या वर ठेवा, खाली नको, कारण गार हवा खाली उतरते. डबे घरीच फ्रीजमध्ये गार करून घ्या, गरम भरलात तर बर्फ लवकर संपेल. दुपारी तेच पाणी प्यायला होतं.

संग्रहालयाची सुट्टी आधी तपासा, बरीचशी सोमवारी बंद असतात. आणि कुटुंब-तिकीट घेण्यापूर्वी सुट्या तिकिटांची बेरीज करा. लहानग्यांना प्रवेश मोफत असेल तर कुटुंब-तिकीट महाग पडू शकतं.