एप्रिल २०२० चे दोन हजार रुपये: मदत की हप्ता?

टाळेबंदीत केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात दोन हजार रुपयांची ‘कोरोना मदत’ जमा केली, वीस लाख कोटींच्या पॅकेजमधून शेतीला एक लाख कोटी दिले आणि महाराष्ट्रात तर वर कर्जमाफीही झाली, असा मजकूर अजूनही फिरत असतो. यातल्या रकमा खऱ्या आहेत, पण त्यांना लावलेले नाव खरे नाही.

आधी दोन हजारांचे पाहू. पीएम-किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली आणि तिच्यात वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत देण्याचे ठरले, त्यांपैकी एक हप्ता एप्रिल ते जुलै या काळाचा असतो. २६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचे पॅकेज जाहीर करताना ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन हजार मिळतील असे सांगितले, तो हाच हप्ता होता. हप्ते नियमित मिळणाऱ्याने त्या आर्थिक वर्षाचे पासबुक काढून बेरीज करावी. ती सहा हजारच भरेल, आठ नाही. योजनेसाठी २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, ७५,००० कोटींची तरतूद होती आणि सुधारित अंदाजात ती ६५,००० कोटींवर आली. महामारीसाठी जादा पैसा ओतला गेला असता, तर हा आकडा घटला नसता. हप्ता लवकर आला आणि हातात रोकड नसताना तो उपयोगी पडला, एवढे श्रेय मात्र द्यायलाच हवे.

शिवाय या रकमेचा नुकसानीशी संबंध नव्हता. ज्याची ज्वारी घरात पोत्यांत भरून होती त्याला दोन हजार, आणि मार्चअखेरीस ज्याची द्राक्षे वेलीवर तयार होती, पण व्यापारी फिरकत नव्हता, त्यालाही दोन हजारच. लग्ने आणि मंदिरे बंद झाल्यावर फुले कोणासाठी तोडायची, हा प्रश्न ज्याच्यापुढे होता, त्याची गतही तीच. दुसऱ्याची जमीन बटईने कसणाऱ्याला तर, सातबारा स्वतःच्या नावावर नसल्यामुळे, या योजनेतून काहीच मिळत नव्हते.

एक लाख कोटींचा आकडा १५ मे २०२० रोजी जाहीर झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीचा आहे. गोदामे, शीतगृहे, प्रतवारी केंद्रे यांसाठी बँकांनी द्यायचे ते कर्ज आहे. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सरकार व्याजात तीन टक्के सवलत देते. मुद्दल ज्याचे त्यालाच फेडावे लागते, त्यामुळे ‘दिले’ हे क्रियापद इथे जरा सैल हातानेच वापरले गेले आहे.

कर्जमाफीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्या कर्जांसाठी. राज्यातला पहिला कोरोना रुग्ण त्यानंतर, मार्च २०२० मध्ये सापडला.

नवा पैसा आणि धान्य त्या काळात आलेच नाही असे नाही: माणशी पाच किलो मोफत धान्य आणि महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे रुपये मिळाले. पण ते रेशनकार्ड आणि बँक खाते पाहून मिळाले, कोणाच्या शेतात काय सडले हे पाहून नव्हे.