‘सेफली रिमूव्ह’ची गरज संपली? पहिलं वाक्य खरं, पुढचं नाही

सध्या फिरत असलेला मेसेज साधारण असा: “विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनेच ‘सेफली रिमूव्ह’ अनावश्यक ठरवलंय. कॉपी झाली, लाइट विझला, की पेन ड्राइव्ह बिनधास्त ओढून काढा. यूएसबी बनलंय त्यासाठीच. मॅक-लिनक्सवरही तेच. आणि बिघडलंच काही तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहेच.” यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे आणि त्याच्या आडोशाने बाकीची खपून जातात.

“मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय”

हो, सांगितलंय. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हना ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू होतं. त्याआधी ‘बेटर परफॉर्मन्स’ असायचं. म्हणजे ड्राइव्हवर लिहायचा डेटा विंडोज आधी रॅममध्ये धरून ठेवायचं आणि सवडीने उतरवायचं. आता तसं धरून ठेवत नाही. वेग थोडा पडतो, पण ड्राइव्ह कधीही काढता येईल अशा अवस्थेत राहतो. या धोरणाखाली ‘सेफली रिमूव्ह’ केलं नाही तरी चालतं, असं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं म्हणणं आहे. त्याबद्दल वाद नाही.

मुद्दा असा की हे धोरण फक्त विंडोजच्या स्वतःच्या कॅशेपुरतं, म्हणजे रॅममधल्या त्या तात्पुरत्या साठ्यापुरतं आहे. तुमची फाइल आणि पेन ड्राइव्हमधली चिप यांच्या मध्ये तिघं असतात: प्रोग्रॅम, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्राइव्हच्या पोटातला कंट्रोलर. लिहायचं राहिलेलं काहीतरी तिघांपैकी कुणाकडेही असू शकतं. क्विक रिमूव्हलने फक्त मधल्याचे हात रिकामे केले. पेन ड्राइव्हवरूनच उघडलेली एक्सेल शीट, त्यावरच ठेवलेला एखादा डेटाबेस किंवा पोर्टेबल ब्राउझर चालू असेल, तर त्यांनी आपल्याकडे काय राखून ठेवलंय हे त्या धोरणाला कळत नाही.

शिवाय ही सेटिंग प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते. आधी कुणी वेगासाठी ती बदलून ठेवली असेल तर मेसेजमधलं पहिलं वाक्यही तुमच्यापुरतं खोटं ठरतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि ‘पॉलिसीज’ टॅब बघा.

“लाइट विझला म्हणजे काम संपलं”

लाइट ड्राइव्हचा. कॉम्प्युटरच्या रॅममध्ये काय थांबलंय हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. लिहिणं अजून सुरूच झालेलं नसेल तरी तो शांतच असणार.

दुसरी गोष्ट कंट्रोलरची. फ्लॅश मेमरीत लिहिता येतं एकेक पान, पण पुसायचं तर अनेक पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. त्यामुळे कंट्रोलर आतल्या आत डेटा इकडून तिकडे हलवत असतो आणि कुठली गोष्ट कुठे ठेवली याचा एक नकाशा सांभाळतो. तुमची कॉपी ‘झाली’ तरी ही आवराआवर चालू असू शकते. साध्या पेन ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यासाठी कपॅसिटरचा राखीव साठा नसतो. नकाशा अर्धवट लिहिला गेला, तर नुकसान शेवटच्या फाइलपुरतं राहत नाही. पुढच्या वेळी विंडोज थेट ‘फॉरमॅट करायचा का?’ विचारतं.

“यूएसबी बनलंय त्यासाठीच”

जुन्या चौकोनी यूएसबी-ए प्लगमध्ये डोकावून बघा. चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन, म्हणजे वीज आणि ग्राउंडच्या, आतल्या दोन डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब दिसतील. घालताना वीज आधी जोडली जाते, काढताना डेटा आधी तुटतो. चालू मशीनमधून ड्राइव्ह काढला तरी सर्किट सुखरूप राहावं म्हणून ही योजना. (त्यामुळे ‘थेट काढला की पेन ड्राइव्ह जळतो’ ही उलट्या बाजूची अफवाही तितकीच पोकळ.)

पण ही सोय विजेची झाली. एक फाइल एक्सफॅट (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याची एक पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) ड्राइव्हवर लिहायची तर मजकूर एकीकडे, त्याच्या जागांची नोंद दुसरीकडे आणि फोल्डरमधली नाव-आकाराची नोंद तिसरीकडे लिहावी लागते. मध्येच ओढलात की फाइलचं नाव दिसतं पण आकार शून्य, किंवा मजकूर आहे पण त्याला नाव नाही. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नाही. एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या फाइल सिस्टिमला आहे, पण ते फाइल सिस्टिमची रचना सांभाळतं. तुमच्या फाइलच्या आतला मजकूर शाबूत राहील याची हमी तेही देत नाही.

“मॅक-लिनक्सवरही तेच”

हे सरळसरळ चूक. लिनक्समध्ये कॉपी आधी रॅममध्ये होते. नेहमीच्या सेटिंगमध्ये तिथला डेटा ३० सेकंद जुना झाला की डिस्कवर उतरवण्याच्या रांगेत लागतो. म्हणूनच मोठी फाइल चुटकीसरशी कॉपी झालेली दिसते आणि मग अनमाउंट (लिनक्सचं ‘सेफली रिमूव्ह’) म्हटलं की खिडकी बराच वेळ अडकून राहते. ते अडकणं म्हणजेच खरी कॉपी. टर्मिनलवर ‘सिंक’ कमांड द्या, लिहून होईपर्यंत प्रॉम्प्ट परत येत नाही. मॅक तर न विचारता ड्राइव्ह काढलात की डिस्क नीट इजेक्ट केली नाही म्हणून नोटिफिकेशन देऊन कान उपटतो.

अँड्रॉइड फोनची केबल मात्र वेगळी. तिथे एमटीपी (फोनकडे फाइल मागायची-पाठवायची पद्धत) चालतं, फाइल सिस्टिम फोनच्याच ताब्यात राहते. केबल निघाली तर त्या क्षणी जात असलेली फाइल तेवढी अर्धी राहते.

“रिकव्हरी सॉफ्टवेअर आहेच”

जे लिहिलंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या साधनाचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं, तुमचा मजकूर वाचवणं नव्हे. एफएटी ही जुनी फाइल सिस्टिम असलेल्या ड्राइव्हवर बेवारस तुकडे सापडले की ते फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये फाइल००००.सीएचके अशा नावांनी टाकले जातात. त्यातला फोटो कुठला आणि हिशोब कुठला हे शोधत बसायचं तुम्ही.

आता हा मेसेज इतका लोकप्रिय का, याचं कारण मला वाटतं वेगळंच आहे: ‘सेफली रिमूव्ह’ करायला गेलं की येणारा ‘हे डिव्हाइस वापरात आहे’ हा वैताग. कोण वापरतंय ते विंडोज त्या खिडकीत सांगतच नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘सिस्टिम’ लॉगमध्ये कर्नल-पीएनपीची २२५ क्रमांकाची नोंद शोधा. ड्राइव्ह काढायला कुठल्या प्रोग्रॅमने नकार दिला, त्याचं नाव तिथे असतं. तो बंद करून पुन्हा इजेक्ट करा. तरीही ऐकत नसेल, तर कॉम्प्युटर बंद करून मग ड्राइव्ह काढा.