ऑडिट अर्पणाच्या थैलीपर्यंत पोचत नाही

‘दरवर्षी ऑडिट होतं, मग संशय कशाला?’ हा चर्चच्या पैशांवरच्या लेखातला सवाल पटला नाही. ऑडिटर वहीत आलेलंच तपासतो. रविवारच्या उपासनेत जमलेल्या अर्पणाच्या थैलीतून पाळकांचं (पास्टरांचं) पेट्रोल, हारफुलं आधीच भागवली तर ती रक्कम वहीत येतच नाही. उपासना संपताच, जमलेल्या मंडळीसमोरच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, चिल्लर वेगळी, असं लिहून सह्या कराव्यात आणि सोमवारी अख्खी रक्कम बँकेत. खर्च नंतर, व्हाउचरवर. खजिनदार पाळकांचा मेहुणा नसला तर उत्तमच! जमिनीचं तर विचारूच नका. नोंदणीकृत ट्रस्टची जागा विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायलासुद्धा. नुसता चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचा ठराव चालत नाही.