पाटी वाचणारा माणूस नाशिकचा नसतो

परवा रात्री साडेदहाला दुकानाचं शटर ओढत होतो, तेवढ्यात आमच्या नाशकातल्या पाथर्डी फाट्यावर एक पिकअप येऊन थांबली. मागे ताडपत्रीखाली केळी. ड्रायव्हर शिरपूरकडचा, विशी-बाविशीचा पोरगा. खाली उतरून म्हणाला, "भाऊ, पुन्याले जानं शे. हाऊच रस्ता ना?"

नव्हता. तो मुंबईच्या तोंडाला लागला होता. धुळ्याहून येताना त्याला कुणीतरी सांगितलं होतं, ६० नंबरचा हायवे पुण्यापर्यंत जातो, तो सोडू नको. सांगणाऱ्याचं चूक नव्हतं. पण तो ६० नंबर नाशकात द्वारका चौकात वळतो, आणि पुण्याला जायचं असेल तर द्वारकेच्या आधीच उड्डाणपूल सोडून खाली यावं लागतं. पोरगा पुलावरच राहिला आणि थेट इकडे उतरला. पहाटे बाजारात माल लावायचा होता त्याला. मी त्याला पाथर्डी गाव, वडनेर, विहितगाव करून नाशिकरोडला काढून दिलं. कागदावर नकाशा काढला, कारण त्या रस्त्याला रात्री विचारायलाही कुणी भेटत नाही.

तो गेल्यावर झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय. लांब झालंय, पण सवड काढून वाचा.

माझा धंदा पाट्यांचा. आधी अण्णांचा होता. अण्णा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि ठेकेदाराकडून काम आलं की रस्त्याकडेचे मैलाचे दगडही. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, राज्यमार्गाचं हिरवं, खेड्यातल्या रस्त्याचं नारिंगी, हे मला शाळेत नाही, अण्णांच्या डब्यांवरून कळलं. खडूची दोरी ताणून ओळ मारायची, मग अक्षर. अक्षर काढून झालं की अण्णा पन्नास पावलं मागे जायचे आणि डोळे किलकिले करून बघायचे. मला म्हणायचे, "तू वाचू नको. तुला माहितीये काय लिहिलंय. ज्याला माहीत नाही त्याला बोलाव." मग रस्त्याने जाणारा एखादा सायकलवाला थांबवून त्याच्याकडून वाचून घ्यायचे.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. आपल्या रिंगरोडच्या पाट्या ज्यांना आधीच रस्ता माहीत आहे अशा माणसांनी लिहिल्यात, आणि त्यांनीच वाचून पास केल्यात.

नंबरांचंच बघा. २०१० साली केंद्राने सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. आपला मुंबई-आग्रा रोड आधी ३ नंबर होता, पुणे रोड ५० नंबर. दोन रस्ते, दोन आकडे, गोंधळ नाही. आता धुळ्याकडचा भागही ६० आणि पुण्याकडचाही ६०. मुंबईकडे मात्र आकडा वेगळा. म्हणजे नाशकात उभं राहून "६० कुठे?" असं विचारलं तर दोन बरोबर उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट दिशेला आहेत. आपल्याला त्याचा त्रास होत नाही, कारण आपण अजून "आग्रा रोड" आणि "पुणा रोड" म्हणतो, आकड्याकडे बघतच नाही. पण शिरपूरच्या पोराकडे दुसरं काय होतं? क्रमांक बदलायला माझी हरकत नाही. फक्त आकड्याशेजारी गावाचं नाव आणि बाण तेवढ्याच मोठ्या अक्षरात पाहिजे, आणि द्वारकेच्या आधी एकदा नाही, तीनदा पाहिजे. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. वळणाच्या ५० मीटर आधी लावलेली पाटी वाचायला ड्रायव्हरला तीन सेकंद मिळतात, आणि त्यात लेनही बदलायची असते. पुलावर समोर मोठा ट्रेलर असेल तर तेवढेही नाहीत.

मग गावांची नावं. "गोंदे" अशी पाटी तुम्ही वाचली तर कुठे जाल? मुंबई रोडला वाडिवऱ्हेजवळ गोंदे दुमाला आहे, कारखान्यांचं. आणि सिन्नरच्या पुढे पुणे रोडला दुसरं गोंदे आहे, तिथे समृद्धी महामार्गावर चढता-उतरता येतं. समृद्धीचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता चालू आहे आणि बाहेरची माणसं "गोंद्याला वर चढा" एवढंच ऐकून निघतात. पिंपळगावाची तर तीन रूपं आपल्याच आजूबाजूला: आग्रा रोडला बसवंत, सातपूरच्या पुढे बहुला, आणि वडनेरच्या बाजूला खांब. टोमॅटोचा किंवा द्राक्षाचा माल भरायला परप्रांतातून आलेला ट्रकवाला बसवंतला निघालेला असतो. अर्ध्या नावाची पाटी त्याला कुठेही नेऊ शकते. सिन्नर फाटा नाशिकरोडलाच आहे, सिन्नर तिथून कितीतरी लांब. अंबड म्हटलं की आपल्याला कंपन्या आठवतात, जालन्याच्या माणसाला त्याचा तालुका. आणि रेल्वेने येणाऱ्यांना "नाशिक" आणि "नाशिकरोड" हे वेगळं प्रकरण आहे, हे रिक्षात बसल्यावरच कळतं.

नाके तसेच. मुंबई नाका, आडगाव नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका, त्र्यंबक नाका, गंगापूर नाका. शहराची वेस जिथे होती तिथे नाके होते. शहर पुढे सरकलं, जकात गेली, नाके नावापुरते राहिले आणि आता शहराच्या पोटात आहेत. मला ही नावं फार प्रिय आहेत, ती कुणी पुसू नयेत. पण बाहेरच्याला "नाका" म्हटलं की वाटतं इथे शहर संपलं. तो दिंडोरी नाक्याला येऊन बघतो तर चारी बाजूंनी पंचवटी. म्हणून नाव ठेवावं, आणि खाली पुढचं मोठं गाव लिहावं.

औरंगाबाद नाक्याबद्दल थोडं सावकाश लिहितो, कारण यात लोक लगेच भलत्या वाटेला जातात. औरंगाबाद शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, नंतर नगरचं अहिल्यानगर झालं. नाव बदललं की पाटी बदलायची, यात वाद नाही. माझं दुःख पाटी बदलण्याच्या पद्धतीचं आहे. जुन्या पाटीवर विनाइलचा तुकडा चिकटवतात. हिरव्या रंगाची छटा जुळत नाही, रात्री दिव्यात तो तुकडा मंद दिसतो कारण खालच्या पाटीला रेडियम आहे आणि वरच्या तुकड्याला नाही. दोन उन्हाळे गेले की कोपरा सुटतो आणि खालून अर्धं जुनं नाव डोकावतं. एका चौकात नवं नाव, पुढच्या चौकात जुनं, त्याच्या पुढे दोन्ही अर्धी-अर्धी. ही दोन नावं एकाच शहराची आहेत हे तमिळनाडूच्या ड्रायव्हरला कोण सांगणार? इतक्या मोठ्या नावाला अख्खी नवी पाटी, एकसारखं अक्षर, पूर्ण रेडियम, एवढा मान द्यायला हवा. त्यात काटकसर करू नये.

आता मिरची चौक. ८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. यवतमाळहून मुंबईला निघालेली बस आणि ट्रक यांची धडक झाली, बसने पेट घेतला, १२ माणसं गेली. अपघाताला पाटी कारणीभूत होती असं मी म्हणत नाही, तसं म्हणायचा मला अधिकार नाही. मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. त्याच्या काही महिने आधी त्या चौकाजवळ एका हॉटेलची पाटी लावायला गेलो होतो. दीड-दोन तास शिडीवर होतो. जत्रा हॉटेलकडून नांदूरकडे येणारा रिंगरोड तिथे संभाजीनगर रोडला छेदतो. वरून बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. नाशिकच्या गाड्या सरळ निघून जात होत्या आणि बाहेरच्या पासिंगच्या गाड्या चौकाच्या ऐन मध्यात येऊन हळू होत होत्या. ड्रायव्हर मान वाकवून काच पुसल्यासारखं करून इकडे-तिकडे बघतो, क्लीनर खिडकीतून हात काढून कुणाला तरी विचारतो, मागचा हॉर्न मारतो. चौकात गोंधळायचं नसतं. गोंधळ व्हायचाच तर दोनशे मीटर आधी व्हावा आणि तिथेच मिटावा. पाटी लावायची ती एवढ्यासाठीच.

अण्णांनी ऐन चौकात बाण काढायला एकदा नकार दिला होता. ठेकेदाराला म्हणाले, बाण तिथे नको, जिथे माणसाला प्रश्न पडतो तिथे पाहिजे. ठेकेदाराने दुसऱ्या पेंटरकडून काढून घेतला. तो बाण पुढे बरीच वर्षं तिथेच होता.

यात माझाही हात आहे, तोही सांगतो. हाताने रंगवायचं काम संपलं तसं मी मशीन घेतलं आणि फ्लेक्स छापायला लागलो. घर त्यावर चालतं. वाढदिवस, निवड, स्वागत, श्रद्धांजली. माझी पोरं फ्लेक्स बांधायला जायची तेव्हा कुठे बांधतात हे मी कधी विचारलं नाही. रिंगरोडवर बांधायला सगळ्यात सोयीचा काय असतो? दिशादर्शक पाटीचा लोखंडी पाइप. मजबूत, उंच आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी.

तीन वर्षांपूर्वी आत्याला छातीत दुखायला लागलं म्हणून दिंडोरीहून रुग्णवाहिकेतून गंगापूर रोडच्या दवाखान्यात आणत होते. ड्रायव्हर नवा होता. तारवाला चौकात उजवीकडे रिंगरोडला वळून आरटीओ कॉर्नर, मखमलाबाद असं यायला पाहिजे होतं. पाटीवर फ्लेक्स होता. तो सरळ निघाला, दिंडोरी नाक्याला आणि निमाणीच्या गर्दीत अडकला. वीस मिनिटं गेली. आत्या वाचली, आज ठणठणीत आहे. मी दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन पाहिलं. फ्लेक्स माझ्या दुकानातला नव्हता. पण असू शकला असता. त्या दिवसापासून पावतीवर छापून घेतलंय की रस्त्याच्या पाटीवर, सिग्नलवर, पाइपला फ्लेक्स बांधून मिळणार नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. ज्या दुकानात गेली तिथे बांधून मिळतो, हेही मला माहीत आहे. धंद्यातले भाऊबंद हे वाचत असतील तर हात जोडून सांगतो, एवढं पाळा.

हे सगळं आत्ताच का काढलं? सिंहस्थ कुंभमेळा आलाय म्हणून. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. शहराभोवती साधारण ६६ किलोमीटरचा परिक्रमा मार्ग होणार आहे. तो व्हावाच. त्यात ज्यांच्या बागा आणि मळे जातील त्यांना रास्त मोल मिळावं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर शेतकरी माझ्यापेक्षा नेमकं बोलतील. मी पाटीपुरतं बोलतो. रस्ता बांधून झाल्यावर उरलेल्या पैशात पाट्या, असं करू नका. रिंगरोडचा खरा गिऱ्हाईक बाहेरचा माणूस असतो. ज्याला शहर माहीत आहे तो गल्लीबोळातून निघून जातो.

आणि काम चालू असतानाचे वळण रस्ते! आज इथून बंद, उद्या तिथून. ठेकेदाराचा माणूस पत्र्यावर लाल रंगाने हाताने बाण मारतो, काम संपतं, पत्रा तिथेच राहतो. सहा महिन्यांनी तो बाण कुणाला तरी बंद रस्त्यात पाठवतो. तात्पुरत्या पाटीवर तारीख का नसावी? "अमुक तारखेपर्यंत रस्ता बंद" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं पाटी जिवंत आहे का मेलेली. काढायची जबाबदारीही त्या तारखेला आपोआप कुणावर तरी येते.

२००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, सरदार चौकाकडच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. मी तेव्हा अण्णांबरोबर कामाला होतो. संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "लांबून आलेली माणसं. त्यांना गल्ली काय माहीत."

पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजता पाथर्डी फाट्यावरून निघतोय. विहितगाव, नाशिकरोड, जेलरोड, नांदूर नाका, जत्रा, अमृतधाम, तारवाला, आरटीओ कॉर्नर, मखमलाबाद, आनंदवल्ली, सातपूर, अंबड आणि परत. प्रत्येक दिशादर्शक पाटीचा फोटो घेणार, दिवसा एकदा आणि त्याच रात्री गाडीच्या दिव्यात एकदा. झाडाच्या फांदीमागे कोणती, फ्लेक्समागे कोणती, रेडियम कुणाचं गेलंय, अर्ध्या नावाची कोणती, वळणाच्या किती आधी लावलीय ते पावलांनी मोजून, सगळं वहीत. मग ती वही घेऊन संबंधित कार्यालयांत जाणार आणि पोच घेऊन येणार. कुणाला यायचं असेल तर या. बाहेरगावचा पाहुणा घरी आला असेल तर त्याला आवर्जून घेऊन या, पाट्या त्याच्याकडूनच वाचून घ्यायच्या आहेत.