फ्लॅननच्या दीपगृहातली माणसं वेडी झाली नव्हती

काल रात्री साडेअकराला दादरहून मामीचा फोन. मामा खांदेरीच्या लाइट हाऊसवर नोकरीला होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मामी हळूच विचारते, "काय रे, इतके दिवस एकटं राहून माणसं वेडी होतात का? हेसुद्धा पावसाळ्यात ड्युटी करून आले की दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत." तिच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तो फ्लॅननचा फॉरवर्ड आला होता. मलाही तीन ग्रुपवर आलाय, आत्तापर्यंत सोडून देत होतो, आता नाही.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी: स्कॉटलंडच्या पश्चिमेला, ल्यूइस बेटापासून वीसेक मैलांवर, फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहातून डिसेंबर १९०० मध्ये तीन माणसं गायब झाली. फॉरवर्डचं म्हणणं, टेबलावर अर्धवट जेवण होतं, खुर्ची उलटी पडलेली, लॉगबुकात लिहिलंय की भयंकर वादळ आलंय, एक जण रडतोय, सगळे देवाचा धावा करतायत. आणि शेवटी एकाने वेडाच्या भरात बाकी दोघांना मारलं आणि स्वतः समुद्रात उडी घेतली.

जेम्स ड्युकॅट, थॉमस मार्शल, डोनाल्ड मॅकआर्थर. तिघं गायब झाले आणि मृतदेह कधीच मिळाले नाहीत, एवढं खरं.

जेवण आणि खुर्ची आली विल्फ्रिड गिब्सनच्या १९१२ च्या कवितेतून. कविता आहे ती, पंचनामा नाही! २६ डिसेंबरला दीपगृहाकडे ये-जा करणारी हेस्परस बोट पोचली तेव्हा स्वयंपाकघर आवरलेलं होतं, भांडी घासून ठेवलेली.

आता लॉगबुक, ज्याने माझं डोकं फिरलं. तो रडण्याबिडण्याचा मजकूर १९२९ मध्ये एका अमेरिकन मासिकात छापून आला, म्हणजे घटनेनंतर २९ वर्षांनी. खऱ्या नोंदी काय होत्या ते दीपगृहांचे सुपरिंटेंडेंट रॉबर्ट म्यूरहेड यांच्या जानेवारी १९०१ च्या रिपोर्टात आहे. वहीत १३ तारखेपर्यंतचं, पुढचं पाटीवर: दिवा कधी लावला, कधी विझवला, आणि १५ ला सकाळी नऊचं बॅरोमीटर-थर्मामीटर. बस्स. लहानपणी थळहून होडीने मामांबरोबर खांदेरीला गेलो होतो, संध्याकाळी दिवा लागल्यावर मामा चष्मा लावून रजिस्टर उघडायचे, वेळ लिहायचे, वारा लिहायचे, वही बंद. साहेब आज गप्प आहेत, अमका रडला, असलं सरकारी रजिस्टरमध्ये कोण लिहितं? आणि तेही, फॉरवर्डप्रमाणे, हाताखालचा मार्शल, आपल्या वरिष्ठ ड्युकॅटबद्दल?

खुनाचं तर विचारूच नका. म्यूरहेड स्वतः पश्चिमेच्या धक्क्यावर उतरून बघून आले. समुद्रापासून ११० फुटांवर कपारीत दोरखंडांची पेटी ठेवलेली असायची, ती फुटून दोर खाली विखुरलेले. लोखंडी रेलिंग वाकलेलं. त्याहून वर, २०० फुटांच्या आसपास, कड्याच्या काठावरचं गवत मातीसकट उपटलेलं. पावसाळ्यात भरतीला वरळी सी फेसवर लाट कठड्यावरून रस्त्यावर येते तर आपण मागे पळतो, इथे पाणी वीसेक मजल्यांवर चढलंय! त्यांचा निष्कर्ष साधा आहे, शनिवारी १५ ला दुपारी ती पेटी सांभाळायला तिघं खाली गेले आणि एक प्रचंड लाट कड्यावर चढली, तिने ओढून नेलं. १५ च्याच रात्री जवळून गेलेल्या आर्क्टर जहाजाला दिवा दिसला नव्हता, तेही जुळतं.

एक गोष्ट मान्य करतो. मॅकआर्थरचा कोट आतच राहिला होता, म्हणजे तो त्या थंडीत तसाच बाहेर पडला, आणि एकाने दिव्यापाशी थांबायचा नियम असताना तिघंही बाहेर होते. तो का धावला हे बघणारं कोणी उरलं नाही. पण दोघं खाली संकटात दिसल्यावर माणूस कोट शोधत बसत नाही. याला खुनी ठरवायचं?

फॉरवर्डसोबतचा फोटोही चुकीचा आहे, त्यात समुद्रातल्या खडकावर एकटा मनोरा दिसतो, फ्लॅननचं दीपगृह गवताळ बेटाच्या माथ्यावर आहे.

म्यूरहेड यांनी ७ डिसेंबरला त्या तिघांशी हात मिळवून निरोप घेतला होता, आणि तो घेणारे आपण शेवटचे ठरलो हे त्यांनी त्याच रिपोर्टात लिहून ठेवलंय.

सकाळी मामीकडे जाऊन हे सगळं वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं तिने, मग म्हणाली, "मुलंबाळं होती का रे त्यांना?"

ड्युकॅटला चार, मॅकआर्थरला दोन, सांगितलं.