घोळ त्यांनी घातला आणि तारखा आम्ही मोजतोय

आमच्या अडकलेल्या सरकारी भरतीच्या केसला हायकोर्टात आज परत पुढची तारीख पडली. कारण काय, तर सरकारी वकिलांना शपथपत्र दाखल करायला अजून चार आठवडे हवेत. अजून! ही कितवी वेळ ते मोजायचं मी सोडून दिलंय. पहिल्यांदा वेळ मागितला तेव्हा माझं नाव निवड यादीत होतं, कागदपत्र पडताळणी झालेली, मेडिकल झालेलं, फक्त नेमणुकीची ऑर्डर हातात पडायची बाकी होती, आणि त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. तीन वर्षांत एक शपथपत्र लिहून होत नाही यांच्याकडून?

झालं काय ते सांगते. जाहिरातीत स्पष्ट होतं की निवड फक्त लेखी परीक्षेच्या मार्कांवर. परीक्षा झाली, उत्तरतालिका आली, मार्क लागले आणि मग त्या खात्यातल्या कुणाला तरी सुचलं की अनुभवालाही मार्क द्यायचे. कुणाला किती पडलेत हे समोर दिसत असताना! यादी नव्याने लावली, वरची काही नावं खाली गेली, खालची काही अलगद वर आली, ज्यांची गेली ते मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले, स्टे मिळाला, तिथून प्रकरण हायकोर्टात. आणि ते गेले ते बरोबरच गेले, माझा त्यांच्यावर काडीचा राग नाही. त्यातली एक तर माझ्याच अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर बसायची. पण मला अनुभवाचा एकही मार्क मिळालेला नाही हो, तो कॉलम पूर्ण पुसून टाकला तरी मी यादीत राहते. तरी स्टे सगळ्या यादीला. आता ती एका बाजूने वकिलाची फी भरते आणि मी दुसऱ्या बाजूने हस्तक्षेप अर्जासाठी, म्हणजे या केसमध्ये आमचंही ऐका म्हणून करायच्या अर्जासाठी, वर्गणी काढते, आणि ज्याने तो कॉलम घातला त्याला कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागलेली नाही.

बरं, हे काही नवीन कायद्याचं कोडं आहे का? भरती सुरू झाल्यावर मध्येच निकष बदलायचे नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये के. मंजुश्री प्रकरणात सांगितलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेज प्रकाश पाठक प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही तेच धरलं, मूळ नियमात किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर अधेमधे बदल चालणार नाही. आमच्यासारखी पोरं हे निकाल पाठ करतात. मग खात्याला माहीत नसतं? माहीत असतं. पण निस्तरायला आपण नसणार आहोत, हे पण माहीत असतं.

आणि विचारायला गेलं की तोंडावर फेकतात, यादीत नाव आलं म्हणजे नोकरीचा हक्क मिळाला असं नाही. हो, १९९१ चा शंकरसन दाश निकाल आहे तसा. पण त्याच निकालात पुढे हेही लिहिलंय की म्हणून सरकारला मनाला येईल तसं वागायची मोकळीक नाही, जागा भरायच्या नसतील तर त्याला प्रामाणिक आणि योग्य कारण लागतं. तेवढं मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बंगालसारखं होण्याची. २०१६ ची शिक्षक आणि शिक्षकेतर भरती, पंचवीस हजारांहून जास्त नेमणुका. एप्रिल २०२४ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने सगळ्या रद्द केल्या आणि ३ एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. त्यात ज्यांच्यावर काहीही ठपका नाही असे हजारो लोक होते! मग ते का गेले? कारण मूळ ओएमआर शीट, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिका, नष्ट केलेल्या, त्यांच्या स्कॅन कॉपीही भरती करणाऱ्या आयोगाकडे नाहीत, म्हणजे पूर्ण प्रक्रियाच इतकी सडलेली की ती दुरुस्त होण्यापलीकडे गेली असं कोर्टाने म्हटलं. विचार करा जरा. कागद सांभाळायची जबाबदारी कुणाची? त्यांची. नष्ट कुणी केले? त्यांनी. आणि आपण पास झालो होतो याचा पुरावाच उरला नाही म्हणून नोकरी कुणाची गेली? जी बाई सात सात वर्षं वर्गात शिकवत होती तिची. ठपका नसलेल्या शिक्षकांना नंतर त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत काम करायची परवानगी मिळाली आणि पगार परत करावा लागला नाही, पण नवी परीक्षा द्यायचीच. चाळिशीतल्या माणसाने परत पोरांच्या रांगेत बसून सिद्ध करायचं की मी चोर नव्हतो.

आपल्याकडे तरी वेगळं काय चाललंय? २०२१ आठवा. आरोग्य विभागाचा पेपर फुटला, त्यात खात्यातलेच वरिष्ठ अधिकारी पकडले गेले. म्हाडाची परीक्षा ऐनवेळी मध्यरात्री रद्द झाली, पोरं तोवर रात्रीच्या गाड्यांनी निघालेली होती, काही तर पोचलेली. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात तर परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. कुंपणच शेत खातंय आणि राखण केली नाही म्हणून दंड आम्हाला!

शिक्षा होतच नाही असं मी म्हणत नाही. हरियाणात ३,२०६ शिक्षकांच्या भरतीत खोट्या याद्या लावल्या म्हणून माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटालांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पण भरती १९९९-२००० ची आणि निकाल जानेवारी २०१३ चा. तोवर ज्याचं खरं नाव यादीतून काढलं त्याचं वय कुठे गेलं असेल, त्याने काय करून पोट भरलं असेल, कुणी विचारलं का त्याला?

माझी मागणी फार मोठी नाहीये. ज्या समितीने मध्येच निकष बदलला त्या समितीच्या सह्या त्या कागदावर आहेत, त्या माणसांना नावानिशी प्रतिवादी करा, वेळेत शपथपत्र आलं नाही तर त्याचा खर्च त्यांच्या पगारातून कापा, खात्यातून नको, खात्याचा पैसा म्हणजे परत आपलाच पैसा. आणि ज्यांच्या मार्कांबद्दल वादच नाही त्यांची यादी वेगळी करून आधी ऑर्डर द्या. तो कॉलम सोडून मार्क परत लावायला एका माणसाला एक दुपार लागेल, मी स्वतः बसून करून देते!

संध्याकाळी बाबांनी विचारलं, काय झालं गं आज. चार आठवडे म्हटलं. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले. येत्या फेब्रुवारीत मला अडतीस पूर्ण होतील, ओपनची वयोमर्यादा तिथे संपते, उद्या कोर्टाने भरती रद्द करून नवी जाहिरात काढायला सांगितलं आणि वयात सवलत द्यायचा विषय राहून गेला तर मला फॉर्मसुद्धा भरता येणार नाही. आणि त्या समितीतल्या एका साहेबांचं मधल्या काळात प्रमोशन झालंय.